पवनीचा नागराज आणि स्वत्वाची जाणीव

जवाहरनगरच्या दक्षिणेस, वैनगंगेकाठच्या पवनी येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी स्तूपाचे उत्खनन केले. तेथील कठड्याच्या स्तंभांवर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. मुचलिंद नागाच्या शिल्पात मात्र बुद्धमूर्ती नाही. फणांच्या छायेतील रिक्त आसनच बुद्धाचे सूचक होय. शास्ता अरूप राहिला, उपासकाचे नाव शिळेवर उरले. व्यक्तीचे स्वत्व संघाच्या वास्तूत असे सामावले. उत्खननापूर्वीच, १९५६ च्या धर्मांतरप्रसंगी, डॉ. आंबेडकरांनी नागपूरची निवड नागलोकांच्या स्मृतीशी जोडली होती. पवनीच्या शिल्पाने वंशसातत्य सिद्ध होत नाही. तथापि त्या स्मृतीस दृश्य रूप लाभते. हा भेद इतिहासाभ्यासकाने विसरू नये.