कोकणच्या मनीऑर्डरीची कुळकथा

टपाल खात्यातून मनीऑर्डर पाठवण्याची सोय १८८० साली सुरू झाली. रत्नागिरी जिल्ह्यात ती घराघरात रुजली, याचे मूळ मुंबईच्या बाजारपेठेत आहे.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि देशावरचा कापूस बंदरापर्यंत सहज येऊ लागला. यंत्रे आणि कोळसा तिथेच उतरे, सूत तिथूनच चीनला जाई. भांडवल, गिऱ्हाईक, कारागीर एकाच जागी मिळाल्याने एका गिरणीशेजारी दुसरी उभी राहिली. वाहतुकीत वाचलेल्या पैशामुळे मालकाला गावच्यापेक्षा जास्त मजुरी परवडे. बाजार मोठा तिथेच कारखाने का गोळा होतात, याची मांडणी अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९९१ मध्ये केली. मुंबईतल्या परळ-लालबागच्या गिरणी भागाने ते शंभर वर्षे आधी अनुभवले होते.

रत्नागिरीलाही बंदर होते. पण पावसाळ्यात आगबोटी बंद, आणि देशावर जायचे तर बैलगाडीने आंबा घाट चढायचा. इथे कारखाना परवडेना, म्हणून माणसे गिरणीत गेली.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली कुपन असे. लावणीची मजुरी, वाण्याची उधारी, गणपतीला यायचा दिवस, सगळे त्या दोन-चार ओळींत. पोस्टमन पडवीत बसून नोटा मोजून देई, सही नाहीतर अंगठा घेई आणि वाचता न येणाऱ्या बाईला मजकूरही वाचून दाखवी.

गिरणीचा पगार मुंबईत कुटुंब पोसायला पुरत नसे. बायकामुले गावी भात-नाचणीवर राहत. आजारपण, म्हातारपण, संपाचे दिवस गावच निभावून नेई. मनीऑर्डरीवर कोकण जगले असे म्हणतात. गिरण्यांची मजुरी कमी राहिली ती कोकणच्या शेतीच्या जिवावर, हेही तितकेच खरे.

१९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपानंतर मनीऑर्डरींचा ओघ आटला. जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली.

वाहतुकीचे म्हणाल तर, आज रत्नागिरीहून येणारा रस्ता हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. रस्ता सुधारला की कारखाने येतातच असे नाही. बाहेरचा मालही त्याच रस्त्याने स्वस्तात आत येतो. जिल्ह्यातला हापूस नवी मुंबईत वाशीच्या घाऊक बाजारात जातो, भावही बराचसा तिथेच ठरतो. गावातले तरुण शहरात गेल्याने बागांची राखण आणि आंबा उतरवणे आता अनेक ठिकाणी नेपाळी कामगारांकडे आहे.