पाहणीचा खर्च कोणाचा?

साउथहॅम्प्टनमध्ये आपल्यापैकी काहींना बाजार-पाहणीची प्रश्नावली भरल्याबद्दल व्हाउचर मिळाले असेल. ते पैसे येतात कुठून? बहुधा माल विकणारी कंपनी पाहणी करणाऱ्या संस्थेला ठरावीक रक्कम देते. मुलाखती घेणाऱ्यांचे वेतन, आकडेमोड आणि आपले व्हाउचर त्यातूनच निघते. प्रश्न कंपनी ठरवते आणि अहवालही सहसा तिच्याच कपाटात राहतो.

बाजाराची पाहणी दुसऱ्या पैशावरही होऊ शकते, याचे उदाहरण मला पुण्यात सापडते. रावबहादूर आर. आर. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून १९३० साली तेथे गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. संस्थेने १९३३ साली पुण्यातील फळांच्या बाजारपेठेची पाहणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. फळ गिऱ्हाइकापर्यंत कसे पोचते, ही माहिती एका दुकानदाराची मालमत्ता राहिली नाही. ग्रंथालयात जाऊन कोणालाही ती वाचता येऊ लागली. हेच गाडगीळ पुढे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले.

कंपनीने स्वतःच्या पैशाने पाहणी करण्यात गैर काहीच नाही. पण जो पैसे देतो, उत्तरही त्याचेच होते. म्हणून पुढची प्रश्नावली भरताना एवढे जरूर विचारावे: खर्च कोणाचा, आणि निष्कर्ष आम्हाला वाचायला मिळतील का?