रस्ता आणखी किती दिवस बंद? पणजीतील खोदकाम, विलंबाची कारणे आणि नागरिकांचे अधिकार

जलवाहिनी, मलनिस्सारण वाहिनी, वीजवाहिनी किंवा दूरसंचाराच्या तारा टाकण्यासाठी अथवा त्यांच्या दुरुस्तीसाठी रस्ता काही काळ वाहतुकीस बंद ठेवणे ही नगरव्यवस्थापनातील नित्याची बाब आहे. जमिनीखालच्या सुविधा हव्या असतील तर जमीन खोदावीच लागते, हे नागरिकांनाही मान्य असते. त्यांचा संताप होतो तो मुदती उलटत जातात, एकदा बुजवलेला रस्ता पुन्हा खणला जातो आणि विचारणा केल्यास प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवते तेव्हा. गोव्याच्या राजधानीने गेल्या काही वर्षांत या तिन्ही गोष्टी अनुभवल्या आहेत.

पार्श्वभूमी

केंद्र सरकारची स्मार्ट सिटी योजना २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. मे २०१६ मध्ये पणजीची तीत निवड झाली आणि अंमलबजावणीसाठी ‘इमॅजिन पणजी स्मार्ट सिटी डेव्हलपमेंट लिमिटेड’ ही स्वतंत्र कंपनी स्थापन करण्यात आली. मलनिस्सारण वाहिन्या, पर्जन्यजलाची गटारे, भूमिगत केबल, पदपथ आणि रस्ते अशी अनेक कामे शहरात हाती घेण्यात आली. योजनेची मुदत वारंवार वाढत अखेर ३१ मार्च २०२५पर्यंत गेली. मुदत जवळ येऊ लागली तशी कामे एकाच वेळी अनेक भागांत सुरू झाली. सांतिनेज, मळा, रायबंदर, अठरा जून मार्ग अशा ठिकाणी कुठे ना कुठे अडथळे उभे राहिले.

शहराची रचना आणि वाहतुकीची कोंडी

पणजीच्या उत्तरेला मांडवी, पूर्वेला मळ्याकडील नाला, पश्चिमेकडे सांतिनेजची खाडी आणि मध्यभागी आल्तिनोची टेकडी आहे. समांतर रस्ते मुळातच मोजके असल्याने एक प्रमुख रस्ता बंद झाला की त्याचा भार दोन-तीन रस्त्यांवर पडतो. रायबंदरकडे जाणारा सतराव्या शतकातील बांध हे याचे बोलके उदाहरण होय. दोन्ही बाजूंना पाणी व खाजण असल्याने तेथे वळसा घालण्यासाठी जवळचा मार्गच नाही.

कामे का रखडतात

पहिले कारण मलनिस्सारण वाहिनीच्या स्वरूपात आहे. नळाचे पाणी दाबाने वाहते. सांडपाणी मात्र उतारानेच वाहावे लागते. त्यामुळे वाहिनी पुढे जाईल तसतशी खोल न्यावी लागते आणि सपाट भागात ठिकठिकाणी पंपिंग स्टेशन उभारून पाणी वर उचलावे लागते. खोल चर खणायचा तर कडा ढासळू नयेत म्हणून आधार द्यावा लागतो. पणजीचा बराचसा सखल भाग भराव टाकून तयार झालेला असून भूजलाची पातळी वर आहे. नदीकाठच्या भागात भरतीचाही परिणाम जाणवतो. खड्ड्यात साचणारे पाणी सतत उपसतच काम करावे लागते.

दुसरे कारण जमिनीखालच्या अपुऱ्या माहितीचे. जुन्या वाहिन्या नेमक्या कुठून जातात याचे अचूक नकाशे नसले की यंत्राचा फाळ जलवाहिनीला लागतो, नळ कोरडे पडतात आणि मूळ कामाआधी दुरुस्तीचे काम करावे लागते. हे टाळण्यासाठी केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप सुरू केले. खोदणाऱ्याने आधी कळवावे आणि भूमिगत मालमत्ता असलेल्या संस्थांनी त्याला सावध करावे, अशी ही व्यवस्था आहे.

तिसरे कारण दिनदर्शिकेचे. जूनच्या आरंभी पाऊस आला की खोल खोदकाम धोक्याचे ठरते आणि डांबरीकरण थांबते. नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, डिसेंबरमध्ये फेस्त आणि पर्यटनाचा हंगाम, त्यानंतर कार्निव्हल व शिगमो. प्रत्यक्ष कामाला निर्वेध असे फार थोडे महिने उरतात. परंतु ही दिनदर्शिका कोणासाठीही नवी नाही. निविदा काढतानाच ती हिशेबात धरली जायला हवी.

चौथे आणि सर्वांत टाळता येण्याजोगे कारण म्हणजे समन्वयाचा अभाव. पाणी, वीज, मलनिस्सारण आणि रस्ते यांची जबाबदारी निरनिराळ्या यंत्रणांकडे आहे. प्रत्येकाची निविदा वेगळी, कंत्राटदार वेगळा आणि मुदतही वेगळी. डांबरीकरण झाल्यावर केबलवाला येतो, तो इथूनच.

घाईचे परिणाम

वाहिनी टाकल्यानंतर चर थराथराने भरून प्रत्येक थर दाबून घ्यावा लागतो. ही पायरी घाईत उरकली तर वरून रस्ता नीट दिसतो, पण आतली माती बसत जाते. नव्याने बुजवलेल्या रस्त्यांत अवजड वाहने रुतल्याच्या घटना पणजीकरांनी पाहिल्या आहेत. म्हणूनच रस्ता लवकर उघडणे आणि रस्ता योग्य रीतीने उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जानेवारी २०२४च्या आरंभी अशाच कामासाठी खणलेल्या खड्ड्यात पडून एका तरुण दुचाकीस्वाराचा मृत्यू झाला आणि हा प्रश्न गैरसोयीपुरता उरला नाही. धुळीच्या त्रासाविरुद्ध नागरिकांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात जनहित याचिका दाखल केल्या. एप्रिल २०२४ मध्ये न्यायमूर्तींनी स्वतः कामांच्या ठिकाणी जाऊन पाहणी केली.

यात ज्यांचे नुकसान होते त्यांची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात नसते. दुकानासमोर चर असलेल्या व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक तुटते, वृद्धांना घराबाहेर पडणे अवघड होते, दम्याच्या रुग्णांना धूळ सोसावी लागते आणि रुग्णवाहिकेची मौल्यवान मिनिटे वळशात जातात.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षितता वा सोय, अथवा रस्त्याचे स्वरूप लक्षात घेऊन वाहतुकीवर निर्बंध घालता येतात. गोव्यात जिल्हा दंडाधिकारी अशा आदेशांद्वारे रस्ते बंद करतात. असा निर्बंध एक महिन्यापेक्षा अधिक काळ राहणार असेल तर राजपत्रात अधिसूचना आवश्यक असते. त्याहून कमी काळासाठी ती लागत नाही, पण परिस्थितीनुसार स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते.

कामाच्या जागेवरील सुरक्षेसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची ‘एसपी ५५’ ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत. पूर्वसूचनेचे फलक, वाहतूक वळवण्याचा टप्पा, प्रत्यक्ष कामाची जागा आणि शेवटचा टप्पा असे चार भाग त्यांत कल्पिलेले आहेत. रात्री दिसतील असे फलक व भक्कम अडथळे ही किमान अपेक्षा होय. खड्ड्याभोवती बांधलेली प्लास्टिकची फीत ही सुरक्षा नव्हे. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ नुसार, रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल यांबाबतची विहित सुरक्षा मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवल्यास जबाबदार प्राधिकरण, कंत्राटदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नागरिकांनी काय विचारावे

माहिती अधिकार कायदा, २००५ खाली कार्यादेश, मूळ मुदत, मुदतवाढीची कारणे, विलंबासाठी आकारलेला दंड, भराव दाबल्याच्या चाचण्यांचे अहवाल आणि दोषदायित्वाचा कालावधी यांची माहिती मागता येते. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. व्यक्तीच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. दोषदायित्वाचा कालावधी विशेष महत्त्वाचा आहे. त्या काळात सदोष कामामुळे रस्ता खचला तर दुरुस्तीचा खर्च कंत्राटदाराने सोसायचा असतो. तक्रार वेळेत आणि लेखी नसेल तर तोच खर्च पुन्हा करदात्यावर पडण्याचा धोका राहतो.

प्रशासनासाठीही उपाय अपरिचित नाहीत. एका रस्त्यावरील सर्व खात्यांची कामे एकाच वेळापत्रकात बसवावीत, लांब रस्ता एकदम न खणता टप्प्याटप्प्याने घ्यावा, शक्य तेथे उघडा चर न खणता आडवे छिद्र पाडून केबल न्यावी आणि पुढे पुन्हा खोदावे लागू नये म्हणून रस्त्याखाली वाहिनीमार्ग राखून ठेवावेत. आणि प्रत्येक बंद रस्त्याच्या तोंडाशी कामाचे नाव, जबाबदार अधिकाऱ्याचा दूरध्वनी व रस्ता खुला होण्याची तारीख लिहिलेला फलक असावा. तारीख बदलली तर कारणही तेथेच लिहावे. आज पणजीत जे घडले ते उद्या मडगाव, म्हापसा वा फोंड्यात घडू शकते. त्रास सोसण्याची तयारी नागरिकांकडे आहे. पण तो किती काळ आणि कशासाठी सोसायचा, हे जाणण्याचा त्यांना हक्क आहे.