अर्भकांसाठीची प्रोबायोटिके
प्रोबायोटिके म्हणजे पचनसंस्थेस उपकारक ठरू शकणाऱ्या जिवंत सूक्ष्मजीवांची पूरके होत. अर्भकांना ती थेंबांच्या किंवा भुकटीच्या रूपात देतात. उष्णतेने हे जीव मरतात. म्हणून भुकटी गरम दुधात कालवू नये, कोमट दुधात मिसळून लगेच पाजावी. थेंबांची बाटली आधी हलवावी. ड्रॉपर बाळाच्या तोंडाला लावू नये. काही उत्पादने फ्रिजमध्ये, तर काही खोलीच्या तापमानात ठेवायची असतात. वेष्टनावर २५ अंश सेल्सिअसची मर्यादा असल्यास विदर्भातील वैशाखात खोलीचा भरवसा धरता येत नाही.

अकाली जन्मलेल्या बाळांत हेच सूक्ष्मजीव रक्तात शिरून प्राणघातक संसर्ग होऊ शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तसा इशारा दिला. अशा बाळांना ती बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याविना देऊ नयेत.