गोंदणाआधीचे अंग

गोंदणावर आपल्याकडे जे लिहिले गेले, त्यात भर आकृत्यांच्या अर्थावर आहे. सुई टोचण्याआधी अंगाची तयारी कशी करत, हा प्रश्न सहसा मागे पडतो. आज टॅटू स्टुडिओत सूचना मिळतात: नीट झोपून या, उपाशी येऊ नका, आदल्या दिवशी दारू नको, उन्हाने भाजलेल्या कातडीवर काम होणार नाही. ही काळजी आधुनिक वाटते. विदर्भाच्या उत्तरेला, मैकल डोंगररांगांतल्या मंडला-दिंडोरी भागातील बैगा समाजाची रीत पाहिली, की तिचे एक जुने रूप दिसते.

व्हेरियर एल्विन यांचा 'द बैगा' हा ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ही रीत चांगलीच रुजलेली होती. बैगा बायकांना गोंदत त्या बादी समाजाच्या बायका, म्हणजे बदनिन. काम पुरुषांच्या नजरेआड चाले. पावसाळा टाळत, थंडीचे दिवस धरत. ओल्या हवेत जखम चिघळते, हे अनुभवाने ठाऊक होते. रामतीळ, म्हणजे आपले कारळे, जाळून काजळी धरत आणि ती पाण्यात कालवत. आधी काडीने रेघ, मग सुयांच्या जुडीने टोचणे. नंतर जखम रिठ्याने धुऊन त्यावर कारळ्याचे तेल आणि हळद लावत.

पण खरी पूर्वतयारी वर्षांची होती. आठेक वर्षांच्या मुलीचे आधी फक्त कपाळ गोंदत. पाठ आणि पाय वयात येताना, छाती बहुधा लग्नानंतर. सुई कातडीचा वरचा थर ओलांडून खालच्या थरात रंग सोडते. वरचा थर झडत राहतो, रंग खालीच राहतो. म्हणजे प्रत्येक गोंदण ही शेकडो टोचण्यांची जखम असते. बैगा रीतीत ती जखम हप्त्याहप्त्याने वाटलेली होती. एक भाग पुरता भरून आला, मुलगी वेदनेला सरावली, की पुढचा.

१८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायली यांनी विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे पेटंट घेतले. पुढे अशा यंत्रांनी कामाचा वेग वाढला आणि एका बैठकीत मोठे चित्र काढणे सोपे झाले. वर्षांची तयारी आदल्या रात्रीच्या झोपेवर आली.

म्हणून जुन्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. आठ वर्षांच्या मुलीची संमती कोणी विचारत नव्हते. त्याच सुया दुसरीला वापरल्या, तर रक्तातून पसरणारी हेपॅटायटिस बीची कावीळ रिठ्याने धुऊन जात नाही. आजची निर्जंतुक सुई आणि नाही म्हणण्याचा हक्क, या दोन गोष्टी त्या रीतीत नव्हत्या. त्या मिळाल्या हे चांगलेच झाले.

मात्र आज अनेक बैगा मुली गोंदण नाकारत असताना आपण जतन काय करतो, हे पाहायला हवे. आकृत्या कागदावर आणि कापडावर उतरल्या आहेत, त्या टिकतील. कोणत्या ऋतूत, कोणत्या वयात, अंगाचा कोणता भाग आधी आणि त्यानंतर किती थांबायचे, हे ज्ञान मात्र म्हाताऱ्या बदनिनींच्या हातात आहे. नक्षी उतरवून घेणाऱ्याने तिच्याशेजारी हेही लिहून घ्यावे. त्याशिवाय ती नोंद अर्धीच राहील.