थंड इंजिनाचा धूर



१८६० साली रेल्वे सोलापूरला पोहोचली आणि आपल्या केमवरून वाफेची इंजिने धावू लागली. भट्टी थंड असता धूर दाट निघतो, तापली की विरळतो, हे शेडमधला प्रत्येक कामगार जाणून होता. जिच्या घरी चूल आहे, त्या माउलीलाही हे सांगावे लागत नाही.

मोटारीचेही तसेच आहे. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ते अधिक सोडावे लागते. त्यातले काही न जळताच बाहेर पडते, सोबत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही. यावर उपाय म्हणून १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. परंतु हे यंत्र अडीचशे-तीनशे अंश तापल्याखेरीज नीट काम करीत नाही. म्हणजे वैशाखाच्या उन्हात उभी असलेली आपली गाडीदेखील त्याच्या हिशेबी थंडच!

कायद्याला हे उशिरा उमगले. आपल्याकडे १९९१ साली पेट्रोल मोटारींच्या धुरावर मर्यादा आली. पुढे ज्या युरोपीय मानकांच्या वाटेने आपण गेलो, तेथील चाचणीत इंजिन सुरू झाल्यावरचे पहिले ४० सेकंद धूर मोजतच नसत. पाळीच्या सुरुवातीचे अपघात मालकाने वहीत घेऊ नयेत, तसाच हा प्रकार. २००० साली ही सवलत गेली.

इंधनातील गंधक कन्व्हर्टरला मारक असते. २०१० साली भारत स्टेज चार लागू झालेल्या मोजक्या शहरांत सोलापूर होते. तेथे पेट्रोलमधील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० झाली. त्याच जिल्ह्यातल्या केमला मात्र २०१७ पर्यंत थांबावे लागले. २०२० साली भारत स्टेज सहाने ती मर्यादा सर्व देशासाठी १० वर आणली. शहराचे फुप्फुस आणि खेड्याचे फुप्फुस यांत असा भेद का असावा?

आजही पीयूसीची तपासणी तापलेल्या इंजिनावर होते. पहाटेच्या पहिल्या मिनिटांचा धूर त्या कागदावर उमटत नाही. तो उमटतो गॅरेजमधल्या पोराच्या आणि रिक्षातळावरील चालकाच्या छातीत. तेव्हा बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका. उभ्या गाडीत ते तापवीत बसण्यापेक्षा सावकाश चालवा, म्हणजे ते लवकर तापेल. हाकेच्या अंतरावर जायचे असेल, तर पायीच जावे हे उत्तम.