बालेतोमान

नाटकवेडा, क्रिकेटवेडा असे शब्द आपण बोलता बोलता बनवतो. एकोणिसाव्या शतकातल्या रशियात बॅलेच्या वेड्यांसाठी असाच एक शब्द तयार झाला: 'बालेतोमान'. इटालियन 'बाल्लो' म्हणजे नाच. त्याचं लाडकं, छोटं रूप 'बाल्लेत्तो'. फ्रेंचांच्या तोंडी त्याचंच 'बॅले' झालं. शेपटीचा 'मान' ग्रीक 'मानिया'मधला, अर्थ सरळसरळ वेड. इंग्रजीत हा शब्द रुळवला अर्नॉल्ड हॅस्केल यांच्या १९३४ सालच्या 'बॅलेटोमेनिया' या पुस्तकानं.

वेड तरी किती? बॅले नर्तिका मारी तालिओनी १८४२ मध्ये रशिया सोडून निघाली, तेव्हा चाहत्यांनी तिचे नाचाचे बूट विकत घेतले, शिजवले आणि सॉस घालून खाल्ले म्हणे! गोष्टीला तिखटमीठ लागलं असेलही. पण लोकांना ती खरी वाटली, यातच सगळं आलं. पुढे पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तिकेनं एका पायावर सलग ३२ गिरक्या घेऊन पीटर्सबर्गला चकित केलं. १८९५ च्या 'स्वान लेक' या बॅलेमध्ये त्या गिरक्या आल्या आणि कायमच्या राहिल्या. आजही जाणते प्रेक्षक मनातल्या मनात मोजत बसतात. एखादी कमी भरली, की मध्यंतरात दुसरा विषय नाही.

आपला 'दर्दी' मात्र फारसी 'दर्द'मधून आलाय. तिकडे वेड, इकडे कळ. मैफलीत पहिल्या रांगेतले काका दाद देताना दाढ दुखल्यासारखा चेहरा का करतात, ते आता कळलं.